खालचे चार दात

अर्जदाराचे वर्णन करण्यास चार गोष्टी पुरतात : नाव, वय, धंदा आणि राहणार. जुन्या कचेरीच्या दारात टेबल टाकून मी गेली सव्वीस वर्षे या चार गोष्टींत माणसे बसवीत आलो आहे, आणि आजवर कोणी बसले नाही असे झालेले नाही. कांबळे मॅडम मात्र बसत नाहीत. आडनाव कांबळे, वय पन्नाशीच्या अलीकडे, धंदा सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टर, मूळच्या शिरोळकडच्या. एवढे लिहून झाले तरी त्या बाईंचा एक केससुद्धा कागदावर उतरत नाही. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. तथापि अर्ज कसा उभा करावा हे मला कोणी शिकविण्याची गरज पडलेली नाही. असे असूनही हा मजकूर मी चार वेळा फाडला. या मजकुरात मागणी कोणती, हेच मला ठरविता येत नाही.

त्या प्रथम माझ्या टेबलापाशी आल्या तेव्हा मी रिवाजाप्रमाणे विचारले, "बसा. अर्ज कशाबाबत?"

त्या बसल्या, परंतु त्यांचे लक्ष माझ्या बोलण्याकडे नव्हते, तोंडाकडे होते.

"रायटरसाहेब, सकाळी थुकल्यावर तांबडं दिसतंय का?"

"अर्ज कशाबाबत ते सांगावे."

"सांगते की. आधी तोंड उघडा."

भोवती सहा-सात पक्षकार उभे होते. शेजारचा स्टँपवाला मोठ्यांदा म्हणाला, "उघडा की! नव्या नवरीगत लाजताय काय?" मी नाइलाजाने तोंड उघडले. त्यांनी पर्समधून लाकडी चपटी काडी काढून माझा ओठ खाली ओढला, उजेडाकडे मान वळविली आणि निकाल दिला, "कीटण हाय. हिरडी सुजलीया. पण येळ हाय तुम्हाला."

त्यांच्याकडे निकाल दोनच असत. एक 'येळ हाय' आणि दुसरा 'येळ गेली'. यापेक्षा लांब निकाल त्यांनी कोणाला दिल्याचे मला आठवत नाही.

बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघण्याची ही सवय त्यांना सर्वत्र असे. एका लग्नात एक पुढारी शुभेच्छा देण्यास उभे राहिले व अर्धा तास बोलले. भाषण संपल्यावर मी मॅडमना विचारले, कसे वाटले? त्या म्हणाल्या, "वरचा डावीकडचा दात हलतोय त्यांचा. 'स' म्हणताना जीभ लावून धरत्यात." भाषणातला एक शब्दही त्यांनी ऐकला नव्हता.

दवाखान्यात त्यांना शेवटची खोली मिळाली होती. खोलीत एक खुर्ची, एक दिवा, आणि कापड घालून झाकून ठेवलेले दात साफ करण्याचे यंत्र. ते आठ महिने बंद होते. खिडकीत मात्र एक जुना सूक्ष्मदर्शक होता. कॉलेजच्या अडगळीतून तो त्यांनी मागून आणला होता. त्याला विजेचा दिवा नव्हता, खाली बोटभर आरसा होता. तो आरसा बोटाने इकडे-तिकडे फिरवून त्या त्यात ऊन पकडीत. रोग्याच्या दाताच्या मुळाशी बारीक आकडी फिरवून काढलेली पांढरट घाण काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात कालवीत आणि रोग्यालाच म्हणत, "या, बघा तुमचं भाडेकरू."

मीही पाहिले आहे. प्रथम काही दिसत नाही. मग त्या फिकट उजेडात ठिपके दिसतात, काड्या दिसतात, आणि नंतर त्यातील काही वळवळू लागतात. स्वतःच्या तोंडातून निघालेली ती वळवळ पाहिल्यावर माणूस बराच वेळ ओठ मिटत नाही.

"ह्यातलं समदं वाईट न्हाईत," त्या सांगत. "गावात चारच चोर असत्यात. पण दातावर थर साठू दिला, तो घट्ट होऊन त्याचं कीटण झालं, की हिरडी दातापासनं सुटती. आत अंधार, आत वारा न्हाई. चोरांना तेवढंच पायजे असतंय. मग आपलं रगत त्यांच्याशी मारामारी करतंय, आणि त्या मारामारीत दाताखालचं हाड जातंय. दात पडत न्हाई बाबांनो. जमीन खचती."

जमीन खचणे ही त्यांची स्वतःची आठवण होती. त्यांच्या वडिलांचा नदीकाठी उसाचा तुकडा होता. एका पुरानंतर ऊस पुरुषभर उंच, हिरवागार उभा होता. पाहणारा म्हणे, काय पीक आहे. पाण्याने मात्र काठ खालून पोखरलेला होता. एके सकाळी चार सऱ्या उभ्या उसासकट नदीत बसल्या. "आवाज पण झाला न्हाई," असे म्हणून मॅडम रोग्याच्या हिरडीवर बोट ठेवीत. "हितं पण आवाज होत न्हाई. दुखत न्हाई म्हणूनच ह्यो रोग वाईट."

एकदा माझ्या समक्ष एका म्हाताऱ्या बाईने खुर्चीत बसल्यावर विचारले, "आडनाव काय म्हणायचं बाई तुमचं?"

"कांबळे."

म्हातारीने उघडलेले तोंड मिटले. मॅडम हातमोजे घालून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा काही बदलला नाही. "आज्जी, दुखणं मोठं का आडनाव मोठं ते सावकाश ठरवा. मी हाय हितंच." त्यांनी पुढचा रोगी घेतला, मग त्याच्या पुढचा. पाऊण तासाने म्हातारी गालाला हात लावून पुन्हा खुर्चीशी आली. मॅडमनी तिला एका शब्दाने टोमणा मारला नाही. फक्त म्हणाल्या, "येळ हाय आज्जी. बसा."

माझ्याकडे त्या आल्या होत्या त्या बंद यंत्रासाठी. त्यांनी स्वतः दोन ओळींचे तीन अर्ज केले होते : यंत्र बंद आहे, दुरुस्त करून मिळावे. उत्तर आले नव्हते. मी त्यांना समजावले की दोन ओळींच्या अर्जाला वजन नसते. मी दोन पानांचा मजकूर तयार केला. आरंभ 'मानवी देहाचे प्रवेशद्वार जे मुख' असा केला, पहिल्या पानावर जंतूंच्या उपद्रवाचे व सार्वजनिक आरोग्यास असलेल्या धोक्याचे सविस्तर वर्णन केले, आणि दुसऱ्या पानाच्या अखेरीस 'सबब' घालून यंत्राकडे वळलो.

मॅडमनी वाचले. "लई भारी लिवलंय. पण मशीन कुठं हाय ह्यात?"

"येते. शेवटी येते. मागणी एकदम करू नये, ती पिकवावी लागते."

तीन आठवड्यांनी दवाखान्याच्या आवारात सफाईची एक तुकडी आली, गटारांच्या कडेने पांढरी पावडर टाकली, धूर सोडला आणि सही घेऊन निघून गेली. कार्यालयातील बाबूने पहिला परिच्छेद वाचून अर्ज सफाई खात्याकडे पाठविला होता. संध्याकाळी मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या. चपलांना पांढरी पावडर लागलेली होती.

"रायटरसाहेब, तुमच्या अर्जानं गटारीचं दात स्वच्छ झालं."

त्या हसल्या. मग हसता हसता थांबल्या आणि आपले उजवे मनगट डाव्या हाताने दाबू लागल्या. यंत्राने पंधरा मिनिटांत होणारे काम त्या बारीक आकड्यांनी तासभर हाताने करीत. मनगटाला नेहमी क्रेप पट्टी असे. मी म्हणालो, पुढच्या अर्जात कसूर ठेवणार नाही. मी खरोखर ठेवली नाही. पुढचा अर्ज तीन पानांचा केला. असे एकूण पाच अर्ज झाले. यंत्रावरचे कापड तेवढे धुऊन परत घातले गेले.

आता माझ्या घरचे लिहिणे भाग आहे.

माझी पत्नी मंगल ही कोडोलीची. बाराव्या वर्षापासून तिला मिश्रीची सवय. सकाळी उठल्यावर तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने हिरड्यांवर घासायची. "त्याशिवाय माझं डोळंच उघडत न्हाईत," असे ती म्हणे. उसाचे अख्खे कांडे ती दातांनी सोलीत असे. त्याबद्दल तिच्या माहेरी तिचा लौकिक होता. त्रेचाळिसाव्या वर्षी तिचे खालचे पुढचे चार दात हलू लागले. ती भाकरी आमटीत बुडवून खाऊ लागली व आम्हाला म्हणू लागली की भाकरी कडक होते. ऊस दारावर आला की ती आत निघून जाई.

मी तिला मॅडमकडे नेले. त्यांनी बारीक खुणांची सळई हिरडी आणि दात यांच्या मध्ये घालून प्रत्येक दात मोजला. मग काचपट्टी खिडकीत लावली.

"बघा वहिनी."

"मला न्हाई भूतं बघायची," मंगल म्हणाली. "आन् मॅडम, मला रगत येत न्हाई, दुखत न्हाई. मग रोग कसला?"

"रगत मिश्रीनं दाबून ठेवलंय वहिनी. तंबाखू हिरडीच्या नसा आवळती. रगत म्हंजे हिरडीनं मारलेली हाक. तुम्ही तिच्या तोंडावर हात ठेवलासा."

मंगलने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "माझं चार दात ऱ्हातील का?"

"येळ हाय," मॅडम म्हणाल्या. "पण काठावरची येळ हाय. मिश्री आजपासनं बंद. सकाळ-रात्री ब्रश. दर आठवड्याला हितं यायचं, मी हातानं आतनं साफ करीन. चारी राखायचं बघू."

मंगल मिश्रीशिवाय कशी राहिली ते मी घरात पाहिले आहे. पहिले चार दिवस ती कोणाशी बोलली नाही. तवा तिने स्वतःच शेजारणीला देऊन टाकला. दोन आठवडे ती दवाखान्यात गेली. मॅडमनी प्रत्येक वेळी तासभर मनगट मोडून एकेक मूळ खरवडले. परत येताना मंगल म्हणाली होती, "बाईच्या कपाळावरचा घाम माझ्या गालावर पडला वो."

त्याच सुमारास मॅडम माझ्या टेबलाशी उभ्या होत्या आणि मी त्यांचा पाचवा अर्ज सिद्ध करीत होतो. त्या म्हणाल्या, "रायटरसाहेब, वहिनींना घरी सांगा. मिश्री सुटली की नसा मोकळ्या होत्यात. रगत येईल, आधीपेक्षा जास्त येईल. घाबरायचं न्हाई. ब्रश थांबवायचा न्हाई. मिश्रीला हात लावायचा न्हाई. मी त्यांना सांगितलंय, पण त्या खुर्चीत घाबरल्यावानी हुत्या. तुम्ही नीट सांगा."

मी मान डोलावली. त्या क्षणी मी 'तथापि' हा शब्द वाक्याच्या आरंभी घ्यावा की मध्ये, याचा विचार करीत होतो. घरी गेल्यावर मी मंगलला काहीही सांगितले नाही. विसरलो असेही म्हणता येणार नाही. ते मी ऐकलेच नव्हते.

आठ दिवसांनी सकाळी मंगल मोरीतून ओरडली. ब्रश तांबडा, बेसिन तांबडे, हनुवटीवर ओघळ. तीन दिवस तसेच चालले. "तीस वरसं मिश्री लावली, एक थेंब आला न्हाई," ती रडत म्हणाली. "आकड्या घालून घालून माझ्या हिरड्या फाडल्या त्या बाईनं!" गल्लीतील आणखी दोघी मॅडमकडे जात होत्या. त्याही म्हणाल्या, व्हय, आमच्याबी हिरडीतनं रगत यायला लागलंय. शेजारणीने तवा परत आणून दिला. मंगलने मिश्री लावली आणि दोन दिवसांत रक्त थांबले. यापेक्षा मोठा पुरावा आम्हाला कोणता हवा होता?

मी अर्ज लिहिला. तो माझ्या सर्व लिखाणात नेमका म्हणावा असा आहे. प्रवेशद्वार नाही, उपमा नाही. पहिल्याच ओळीत लिहिले : 'सदर डॉक्टरांना या दवाखान्यातून तात्काळ हलविण्यात यावे.' त्याखाली कारण तीन ओळींत, त्याखाली मंगलची सही व दोघींचे अंगठे. अर्धे पानसुद्धा भरले नाही. राग आलेला माणूस थोडक्यात लिहितो.

पंधरा दिवसांत आदेश निघाला. मॅडमची रवानगी मलकापूरला झाली.

जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. मी कागद शोधण्याच्या निमित्ताने खाली वाकलो. त्यांनी तक्रारीची प्रत टेबलावर ठेवली. माझे नाव तिच्यावर नव्हते, अक्षर होते.

"मागणी पहिल्या ओळीत घातलीसा," त्या म्हणाल्या. "माझ्या अर्जात कधी घातली न्हाईसा."

मी काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडले. सवयीने त्यांची नजर माझ्या दातांवर गेली आणि त्यांनी ती काढून घेतली.

"वहिनींचं रगत थांबलं?"

"थांबले," मी म्हणालो. "पूर्ण थांबले."

"मिश्री लावलीया परत?"

मी होकारार्थी मान हलविली. त्या समोरच्या बाकावर बसल्या. त्या चिडल्या नाहीत. त्या फक्त आपले मनगट चोळत म्हणाल्या, "थांबलं म्हणून तर भ्या वाटतंय हो. रगत येत हुतं तवा हिरडी जित्ती हुती. मी सांगितलं हुतं तुम्हाला. ह्याच टेबलापाशी." मग उठता उठता, "त्यांना सांगा, अजून येळ हाय. दुसऱ्या कुणाकडं बी जावा, पण जावा."

त्या रात्री जेवताना मी मंगलला सर्व हकीकत सांगितली. तिने घास खाली ठेवला. म्हणाली, "मला सांगितलं असतंसा, तर रगत गिळलं असतं मी."

दुसऱ्या दिवशी तिने तवा गटारीत टाकला. पुन्हा रक्त आले. या वेळी ती ओरडली नाही. परंतु आतले कीटण ब्रशने निघत नाही. दवाखान्यातील खोलीला कुलूप होते. दुसऱ्या डॉक्टरकडे चल म्हटले तर म्हणे, "जिला घालवलं तिच्याम्होरंच तोंड उघडीन, न्हाई तर न्हाई." आणि मलकापूरला चल म्हटले की मी म्हणे, पुढच्या आठवड्यात. माझे पाय उचलत नव्हते. मी टेबलावर बसून लोकांचे विलंबमाफीचे अर्ज लिहीत होतो आणि घरी चार दात हलत होते. असे सात महिने गेले. अखेर एके दिवशी मंगल एकटीच पिशवी घेऊन स्टँडकडे निघाली, तेव्हा मी मागून धावत जाऊन गाडी गाठली.

मलकापूरच्या दवाखान्यातही खोली शेवटचीच होती. यंत्र येथे बंद नव्हते, मुळातच नव्हते. खिडकीत तोच सूक्ष्मदर्शक. बाहेर बाकावर दहा-बारा बायका, बहुतेकींच्या पदराच्या गाठीला मिश्रीची डबी. मॅडम बारीक झाल्या होत्या. पट्टी आता दोन्ही मनगटांना होती. मला पाहून त्या थबकल्या, पण बोलल्या मंगलशी.

"या वहिनी. बसा."

"मिश्री सोडली मॅडम," मंगल खुर्चीत बसण्यापूर्वीच म्हणाली. "सात म्हयनं झालं. देवाशप्पथ. रोज दोनदा ब्रश करतो. रगत आलं तरी थांबत न्हाई."

"शाबास," मॅडम म्हणाल्या आणि सळई उचलली.

पहिल्या दाताशी सळई आत गेली. आणखी आत गेली. दुसऱ्याशी तशीच. चौथ्यापर्यंत पोचल्यावर मॅडमनी पुन्हा पहिल्यापासून मोजले. आकडा चुकला असेल म्हणून माणूस बेरीज पुन्हा करतो, तसे. मग त्यांनी सळई ताटलीत ठेवली.

"येळ हाय न्हवं, मॅडम?" मंगलने विचारले.

मी खुर्चीच्या मागे उभा होतो. मला मंगलचा चेहरा दिसत नव्हता, मॅडमचा दिसत होता. त्यांच्याजवळ दोनच निकाल होते. त्यांनी दोन्हीपैकी एकही दिला नाही. मंगलची हनुवटी तळहातात धरून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वहिनी, जमीनच न्हाई ऱ्हायली खाली. बाकीचं राखू. त्यासाठी हे चार काढाय लागतील."

मंगलने डोळे मिटून मान हलविली. दिव्याचा उजेड कमी होता म्हणून मी मोबाइलचा उजेड धरला. सुई दिल्यावर दात काढण्यास जोर लागला नाही. ओल्या मातीतून काडी उपसावी तसे एकेक आले. मुळांना वरपासून खालपर्यंत काळे कीटण होते. एरवी हात चालू असताना न बोलणाऱ्या त्या बाई प्रत्येक दाताला "झालं, झालं हं," म्हणत होत्या.

मंगलने दात मागितले. माझ्या पिशवीत नेहमीप्रमाणे अर्जाचे कोरे कागद होते. एकाची पुडी करून मी ते चार दात बांधले. ती पुडी मंगलने कमरेला खोवली. तोंडात कापसाचा बोळा असल्याने ती बोलू शकत नव्हती. तिने मॅडमचे पट्टी बांधलेले मनगट दोन्ही हातांनी धरले आणि बराच वेळ सोडले नाही.

"अजून एक कागद हाय का?" मॅडमनी मला विचारले.

मी बाकावर बसून लिहिले. 'या दवाखान्यास दात साफ करण्याचे यंत्र तात्काळ मिळावे.' एवढेच. पुढे मला काही सुचले नाही, आणि काही सुचावे असेही वाटले नाही. मॅडमनी वाचून सही केली.

"आता बरोबर झालं," त्या म्हणाल्या. "ह्याला किती दिवस लागतील, रायटरसाहेब?"

सव्वीस वर्षांत या प्रश्नाला मी प्रत्येकास ठाम उत्तर दिलेले आहे. तक्रारीला पंधरा दिवस लागले होते, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

निघताना दारातून मी मागे पाहिले. पुढची बाई खुर्चीत बसली होती. वयाने तिशीचीसुद्धा नसेल. मॅडमनी तिच्या दातातली घाण काचपट्टीवर घेतली होती आणि खिडकीशी वाकून त्या आरशात ऊन पकडीत होत्या. बाहेर आभाळ भरून आले होते. त्यांनी आरसा डावीकडे फिरविला, उजवीकडे फिरविला, पुन्हा डावीकडे. ऊन काही सापडेना. "थांब हं पोरी, मिटू नगंस," त्या मान न वळविता म्हणाल्या, आणि ती पोर खुर्चीत तोंड उघडे ठेवून तशीच बसून राहिली.